वरून खाली ओलांडताना

आज सकाळी दाढी करता करता नवऱ्याने शीळ घातली आणि इकडे माझं दूध उतू गेलं. गॅस बंद करायचा सोडून मी ओट्याला धरून नुसती उभी राहिले. चार वर्षांत या घरात कोणी शीळ घातली नव्हती. आवाज नव्हते असं नाही. आतल्या खोलीत शेअर बाजाराच्या दोन मोठ्या स्क्रीनसमोर बसून तो 'थांब, थांब, अजून थोडं' असं स्वतःशीच पुटपुटायचा, टेबलावर बोटं वाजवायचा, मधेच खुर्ची मागे ढकलून उठायचा. पण शीळ नाही. दुसऱ्या एखाद्या बाईला हायसं वाटलं असतं. सात आठवड्यांपूर्वी हृदयाचा झटका आला म्हणून ज्याला स्ट्रेचरवर घालून माझ्याच हॉस्पिटलात नेलं, तो माणूस आज आरशासमोर उभा राहून चाल आठवतोय, अजून काय हवं? मला मात्र नाही वाटलं हायसं. ज्या शांततेच्या जोरावर तो शीळ घालत होता ती शांतता खोटी होती. मीच केलेली होती, याच हातांनी, लॅपटॉपवर एकेक चौकट भरून.

"सिस्टर, जळल्याचा वास येतोय," टॉवेलने गाल पुसत तो स्वयंपाकघरात आला. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, पंचवीस वर्षं होतील आता. नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणावं यावर आमच्या वॉर्डात अजून हसतात. आमची ओळख झाली तेव्हा त्याचे वडील आमच्याकडे दाखल होते आणि हा दिवसातून पन्नासदा 'सिस्टर, जरा बघता का' करत यायचा. लग्न झालं तरी त्याच्या जिभेचं वळण काही गेलं नाही. मी ओटा पुसत होते. तो खुर्चीवर बसला, पाय लांब केले आणि म्हणाला, "मी काय विचार केला, बँकेतली ठेव परवा मोकळी झाली ना, ती पण आपल्या शेअरमध्ये टाकून देऊ. महिना होत आला, एक घंटा वाजलेली नाही. म्हणजे गडी जागच्या जागी उभा आहे. दुपारी दीडला ब्रोकरकडच्या माणसाला फोन करून सांगतो. डोळे वटारू नकोस, स्क्रीन बघणार नाही. नुसता फोन."

"आजच?" मी म्हटलं. "आजच. का, तुझी सुट्टी आहे म्हणून मी पण सुट्टी घ्यायची?" तो हसला. मी पण हसले. हसता येतं, हे एक नर्सच्या नोकरीत चांगलं शिकायला मिळतं. दीड वाजता तो फोन लावणार, पलीकडचा माणूस भाव सांगणार, आणि एक वाजून एकतीस मिनिटांनी माझ्या नवऱ्याला एका परक्या आवाजातून कळणार की आपला शेअर एक तृतीयांश खाली आलाय. एका दिवसात आलेला नाही, सव्वीस दिवस रोज थोडा थोडा उतरत आलाय, आणि त्या सव्वीसही दिवशी मी त्याला चहा देताना म्हणत होते, "शांत आहे रे सगळं." घड्याळात तेव्हा सव्वानऊ झाले होते.

त्याला घरी आणलं त्या दिवशीची गोष्ट. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन महिने स्क्रीन नाही, बाजाराच्या बातम्या नाहीत, धक्का बसेल असं काही नाही. त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली होती. पण घरात पाय टाकल्या टाकल्या अट घातली. "मी बघणार नाही, कबूल. पण कोणीतरी बघायला हवं. सगळी पुंजी त्या एका औषध कंपनीत आहे. तू अलर्ट लाव. घंटा वाजली तर मी उठेन. नाही वाजली तर मी त्या वाटेलाच जाणार नाही. शब्द देतो." मला ते एकदम पटलं. आमच्या धंद्यात दुसरं काय करतात? माणसाला डोळ्यात तेल घालून चोवीस तास बघता येत नाही, म्हणून मशीन बघतं, आणि मशीनने हाक मारली की आपण धावतो. दोन्ही स्क्रीन त्याचा मित्र घेऊन गेला. माझ्यासाठी फक्त लॅपटॉप राहिला, जेवणाच्या टेबलावर. घंटा वाजायची ती मात्र त्याच्या फोनवर. तो पलंगावर डोळे मिटून पडला आणि मी चार्टचं ते सॉफ्टवेअर उघडून बसले. लाल-हिरव्या मेणबत्त्या, भाव पडला की लाल, चढला की हिरवी, आणि त्यांच्यातून नागमोडी जाणाऱ्या रेघा. वर घड्याळाचं एक छोटं चित्र होतं, त्यावर बोट लावलं की अलर्टचा तक्ता उघडायचा.

तो पडल्या पडल्या सांगत होता. "पहिल्या चौकटीत किंमत घाल. दुसरीत पन्नास दिवसांच्या सरासरीची रेघ. मधल्या चौकटीत एक यादी उघडेल, त्यातलं 'वरून खाली ओलांडताना' घे. किंमत त्या रेघेच्या वर आहे ना आत्ता? ती रेघेच्या खाली उतरली की समजायचं, काहीतरी बिनसलं." मी घेतलं. मग दुसरा अलर्ट, आरएसआयचा. "हा शून्य ते शंभर असतो. शेअरमध्ये किती दम आहे ते सांगतो. तीसच्या खाली गेला की दम सुटला." मी म्हटलं, "म्हणजे आमचा ऑक्सिजनचा आकडा." "बाई, तुला जिथे तिथे वॉर्डच दिसतो," तो म्हणाला. मग घंटा एकदाच वाजायची का दर वेळी, तर दर वेळी. अलर्ट किती तारखेपर्यंत जिवंत ठेवायचा, तर दोन महिने. शेवटी संदेशाची चौकट. घंटा वाजली की फोनवर जे वाक्य दिसतं ते आपण लिहायचं. त्याने जरा विचार करून सांगितलं, "लिही, 'ऊठ रे बाबा.'" मी तसंच लिहिलं आणि आम्ही दोघं खूप दिवसांनी मोठ्याने हसलो. माझ्या मनात आलं की मेलं हे काम फार सोपं आहे, आणि हे मी आधीच शिकले असते तर तो चार वर्षं त्या खुर्चीला चिकटून राहिला नसता.

घरी येऊन बारा-तेरा दिवस झाले असतील. दुपारचं जेवण झालं होतं, त्याच्या बोटाला मी नाडीचं ते छोटं यंत्र लावलं होतं, आकडा बहात्तर. आणि फोन वाजला. ऊठ रे बाबा. तो असा काही उठून बसला की पांघरूण जमिनीवर गेलं. फोन उचलायला त्याने हात लांब केला, त्याच हाताच्या बोटावर ते यंत्र, आणि त्यावरचा आकडा मी वाचत होते. नव्वद, एकशे आठ, एकशे चोवीस. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, दुसरा हात छातीवर. मी फोन काढून घेतला, त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि आवाज अगदी बेफिकीर ठेवून म्हटलं, "काही नाही झालेलं. मीच काल आकडा चुकीचा टाकला होता. उगाच वाजला." त्याने विचारलं, "नक्की?" "अरे नक्की. मी काय तुझ्यासारखी पंडित आहे का यातली? चुकले." त्याचा जीव भांड्यात पडला. तो आडवा झाला, हळूहळू आकडा उतरला आणि त्याला झोप लागली. घंटा अगदी बरोबर वाजली होती. किंमत त्या दिवशी, त्या मिनिटाला, पन्नास दिवसांच्या रेघेखाली उतरली होती. मी त्याच्या उशाशी बसून लॅपटॉप उघडला, पन्नासच्या जागी दोनशे केले, म्हणजे रेघ खूप खाली गेली. आरएसआयच्या तीसच्या जागी दहा केले. दहाच्या खाली तो आकडा सहसा जात नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. 'जतन करा' दाबलं.

हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. वॉर्डात प्रत्येक मॉनिटरला वरची आणि खालची मर्यादा ठरवलेली असते. नाडी अमुकच्या वर गेली, ऑक्सिजन तमुकच्या खाली गेला की अलार्म. मी नवी होते तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर रोज बडबडायच्या, "मर्यादा बदलायची असेल तर बदला, पण केसपेपरवर लिहा, का बदलली ते लिहा, आणि खाली सही करा. सही करताना हात अडखळला तर बदलू नका." सहा नंबरच्या बेडवर एक आजोबा होते. त्यांची एक तार सारखी सैल व्हायची आणि अलार्म केकाटायचा. तासाभरात वीसदा. शेजारच्या बेडवरची माणसं वैतागली होती, मी वैतागले होते. मी ऑक्सिजनची मर्यादा खूप खाली सरकवली, लिहिलं नाही, सही केली नाही, आणि चहाला गेले. परत आले तेव्हा झाडू मारणारी मावशी माझ्याच नावाने ओरडत होती. तिला आजोबांची नखं निळी दिसली होती. मशीन गप्प होतं. डॉक्टर धावत यायच्या आत मी मास्क लावला, आणि खरं सांगते, त्याच्याही आधी मर्यादा होती तिथे नेऊन ठेवली. आजोबा वाचले, आठवड्याने चालत घरी गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. कोणाला कधी कळलं नाही. नवऱ्यालाही नाही. पुढे मी वॉर्डातल्या पोरींवर इतकी कडक झाले की त्या मला माघारी हवालदार म्हणतात. म्हणा म्हणावं.

तर मला सगळं कळत होतं. न कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण घंटा बंद झाली आणि घरात काय झालं ते कोणी पाहिलं नाही. तो जेवायला लागला. आधी तो काय गिळतोय हे त्यालाच कळायचं नाही. आता मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करायला लागला, आणि मला ती कुरकुर ऐकून रडू यायचं. दुपारी गाढ झोपायचा. दुसऱ्या शहरात शिकणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांचा आवाज बदललाय गं. पूर्वी बोलताना दुसरीकडेच असायचे." वर्तमानपत्रातलं बाजाराचं पान मी सकाळीच काढून डब्यांच्या फळीवर अंथरून टाकायचे. एकदा त्याचा तो मित्र आला. त्याला आम्ही कॅन्डल म्हणतो, कारण बोलायला लागला की चार्टवरच्या मेणबत्त्यांशिवाय दुसरा विषय नाही. त्याला मी दारातच गाठलं आणि दम दिला, बाजाराबद्दल एक अक्षर नाही. तो बिचारा अर्धा तास बसून हवापाण्यावर बोलला. निघताना मी दारापर्यंत गेले तर खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दोनशेच्या रेघेला येऊन टेकलाय. आत्ता विकलं तर तीन चतुर्थांश तरी वाचेल. त्याला सांगा." मी म्हटलं, "त्याचा जीव वाचू दे आधी." तो म्हणाला, "ते खरंच, पण त्याला कळेल तेव्हा मी त्याला कुठल्या तोंडाने भेटू?" "तुम्ही नका भेटू," मी म्हटलं आणि दार लावलं. मग टेबलापाशी आले, अलर्टचा तक्ता उघडला आणि दोनशेच्या रेघेसमोर जे छोटं बटण होतं ते दाबून अलर्ट थांबवून टाकला. आधी मर्यादा सैल केली होती. आता आवाजच बंद केला. सगळ्या पोरी याच क्रमाने चुकतात. मी त्यांना शिकवताना फळ्यावर हेच लिहिते.

आता एक गोष्ट सांगते ती सांगायला मला लाज वाटते. तो शेअर पडत होता तेव्हा एक दिवस मला आनंद झाला. लॅपटॉप उघडून मी ती लाल मेणबत्ती पाहिली, चांगली हातभर लांब, आणि मनात म्हटलं, पड मेल्या, अजून पड. चार वर्षं ती माझी सवत होती. ती त्याच्याकडे बघायची आणि तो तिच्याकडे. माझ्या बहिणीच्या घरी कार्यक्रमाला जाऊन हा संडासात फोन घेऊन बसायचा. माझ्या वाढदिवसाला केक कापताना त्याचा डावा डोळा कुठे होता ते मला माहीत होतं. नोकरी सोडताना मिळालेली सगळी रक्कम त्याने तिच्या पदरात घातली, मला विचारलं, नाही असं नाही, पण कपाटाचा रंग विचारतात तसं. आणि आता ती पडत होती, आणि तो माझ्याकडे बघून मीठ कमी आहे म्हणत होता. आपलाच संसार त्या मेणबत्तीबरोबर खाली चाललाय, लेकीच्या पुढच्या दोन वर्षांचं शिक्षण त्यातच आहे, हे मला ठाऊक होतं. तरी झाला आनंद. मग मी भांडी घासायला घेतली आणि सगळी दोनदा घासली.

स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे त्याचं हृदय होतं. सांगितलं आणि काही झालं तर? पण मागच्या आठवड्यात मी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं. आडून आडून नाही, सरळच विचारलं. "सर, पैशाच्या बाबतीत एक वाईट बातमी आहे. आता सांगितली तर झेपेल का?" त्यांनी रिपोर्ट पाहिले होते. म्हणाले, "आता झेपेल, सिस्टर. गोळी हाताशी ठेवा, बसवून सांगा. लपवून मात्र ठेवू नका, तिऱ्हाइताकडून कळलं तर जास्त त्रास." मी बरं म्हटलं. घरी आले आणि नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तेव्हा मला कळलं की भीती त्याच्या हृदयाची उरलेलीच नाही. मी सांगितल्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघेल तिची भीती होती. आणि दुसरी त्याहून वाईट, की ऐकल्यावर तो उठेल, स्क्रीन परत मागवेल, आणि मला पुन्हा तो माणूस मिळेल जो केक कापताना दुसरीकडे असतो. सव्वीस दिवस मी नवऱ्याला वाचवत नव्हते. त्याला स्वतःसाठी ठेवून घेत होते. असं स्वच्छ आधी कधी दिसलं नव्हतं, ते आज दूध उतू गेल्यावर दिसलं.

अकरा वाजता तो मटार सोलायला बसला. ताट मांडीवर, फोन शेजारी टेबलावर. मी समोर लॅपटॉप घेऊन बसले. त्याला वाटत होतं मी ड्यूटीचं वेळापत्रक लावतेय. माझ्या डोक्यात एक युक्ती आली होती आणि मला ती फार चांगली वाटत होती. मी तोंडाने सांगायचं नाही. सगळे अलर्ट होते तसे करायचे, त्याने सांगितले होते अगदी तसे. घंटा वाजेल, तो उठेल, मी जवळच आहे, गोळी खिशात आहे, मग जे व्हायचं ते होईल. मशीनचं काम मशीन करेल. मी दोनशेच्या जागी पन्नास केले. दहाच्या जागी तीस केले. 'वरून खाली ओलांडताना' होतंच. दर वेळी, होतंच. थांबवलेला अलर्ट सुरू केला. संदेशात ते वाक्य अजून होतं. त्याच्या फोनचा आवाज पाणी प्यायच्या निमित्ताने उठून बघून आले, पूर्ण होता. 'जतन करा' दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. माझ्या कानात माझ्याच नाडीचे ठोके ऐकू येत होते.

काही वाजलं नाही. पाच मिनिटं झाली. मटाराचे दाणे ताटात पडत होते, एकेक, टप, टप. "किडका निघाला," तो म्हणाला. दहा मिनिटं झाली. मी तक्ता परत तपासला, सैल तार शोधावी तसा. नेट चालू, अलर्ट चालू, तारीख बरोबर. चार्टवर किंमत डोळ्यादेखत अजून एक पायरी उतरली. फोन गप्पच. बारा वाजले. साडेबारा वाजले. त्याने जेवण मागितलं, आम्ही जेवलो, मी काय जेवले आठवत नाही. "आज फार गप्प आहेस," तो म्हणाला. "डोकं दुखतंय," मी म्हटलं. ताटं उचलून पुन्हा लॅपटॉपसमोर आले, चार्टकडे नीट पाहिलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पन्नास दिवसांची रेघ कुठल्या कुठे वर होती. किंमत तिच्याखाली सव्वीस दिवसांपूर्वीच उतरली होती आणि आता खोल खाली होती. आरएसआय बावीसवर लोळत होता, तीस त्याने कधीच सोडले होते. मी सांगितलं होतं वरून खाली ओलांडताना वाजव. ओलांडायला वर उरलंच काय होतं? ती घंटा फक्त त्या एका क्षणी वाजते. तो क्षण येऊन गेला होता, घंटा तेव्हा वाजलीही होती, आणि मी म्हणाले होते, उगाच वाजली. आता कितीही बरोबर आकडे भरले तरी ती वाजणार नव्हती.

एक वाजून दहा मिनिटं. त्याच यादीत खाली आणखी एक पर्याय होता, 'पेक्षा कमी'. किंमत रेघेपेक्षा कमी असेल तर वाजव. तो निवडला की घंटा तत्क्षणी वाजणार. मी निवडला. बोट 'जतन करा'वर नेलं. पुढचं सगळं मला दिसत होतं. तो उठेल, चार्ट बघेल, विचारेल की इतके दिवस का नाही वाजली, आणि मी म्हणेन, या सॉफ्टवेअरचं काय सांगता येतं? तो मानेल. तो माझं सगळं मानतो. दोन दिवस सॉफ्टवेअरवाल्यांना शिव्या घालेल, कॅन्डलही घालेल, मी पण मूग गिळून मान हलवेन. कोणाला कधी कळणार नाही. इतकं सोपं होतं ते. आणि बोट तिथेच थांबलं. आजोबांच्या वेळी मी चोवीस वर्षांची होते, घाबरले होते, ठीक आहे. आता मी पन्नाशीला आले. मला माझाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. समोर त्याने चष्मा लावला, डायरी काढली, ब्रोकरचा नंबर शोधला आणि फोन हातात घेतला. दीडला पाच मिनिटं होती. "चल, लावून टाकतो," तो म्हणाला, "नाहीतर माणूस जेवायला जायचा."

"थांब," मी म्हटलं. "फोन खाली ठेव." माझा आवाज वॉर्डातला निघाला असावा, कारण त्याने लगेच ठेवला. मी उठून त्याच्याजवळची खुर्ची ओढली. "शेअर पडलाय. एक तृतीयांश गेलाय. आज नाही पडला, सव्वीस दिवस पडतोय. पहिली घंटा खरी होती. मी चुकीचा आकडा टाकला नव्हता. तू घाबरलास म्हणून मी तसं बोलले, आणि मग घंटा वाजूच नये म्हणून आकडे बदलले. कॅन्डलने सांगितलं होतं सांगा म्हणून, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी नाही सांगितलं." एका दमात बोलले. मग त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग बदलला होता, पण ओठ ठीक होते, श्वास ठीक होता. मी गोळीच्या खिशावर हात ठेवला. त्याने मान हलवून नको म्हटलं.

त्याने डायरी मिटली आणि विचारलं, "रोज बघत होतीस?" "रोज." "आणि रोज मला शांत आहे म्हणत होतीस." "हो." त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "त्या दिवशीच विकलं असतं तर फार काही गेलं नसतं," तो म्हणाला. रागाने नाही, हिशोब सांगावा तसं. "मरायचा धोका होता तो माझा होता. विकायचं की नाही ते मी ठरवायचं होतं गं. तू नाही." मी म्हटलं, "चुकलं माझं," आणि ते मलाच फार तोकडं वाटलं.

"तू ड्यूटीवर गेलीस की हा लॅपटॉप इथेच असायचा," तो म्हणाला. "या टेबलावर. पासवर्ड माझाच. रोज आठ तास मी आणि हा, दोघंच घरात. मी एकदाही उघडला नाही, तुला माहितीये? तुला शब्द दिला होता." त्याने झाकणावर हात ठेवला. "फार हात शिवशिवले की मी घरातून निघून जायचो. खाली जाऊन गेटपाशी उभा राहायचो. मन शांत झालं की परत वर यायचो."

तीन मजले. लिफ्ट महिनाभर बंद आहे. जिना चढू नको असं त्याला डॉक्टरांनी माझ्यासमोर तीनदा सांगितलं होतं, आणि मी वॉर्डात दुसऱ्यांची नाडी मोजत होते. "जिना चढत होतास?" मी ओरडलेच. "या हृदयाने? किती वेळा?"

"मोजलं नाही," तो म्हणाला. मग त्याने फोन उचलला, ब्रोकरचा नंबर लावला, आणि पलीकडून कोणी बोलेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.